अर्जदाराची स्क्रीन

१

आमच्या सेवा केंद्रात माझ्या टेबलावर दोन स्क्रीन. एक लॅपटॉपची, माझ्या बाजूला. दुसरी मोठी, माझ्याकडे पाठ करून अर्जदाराकडे तोंड केलेली. नियम असा, की मी जे टाइप करते ते समोर बसलेल्याला त्याच्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे. त्यानं ते वाचायचं, बरोबर आहे म्हणायचं आणि शेजारच्या यंत्रावर अंगठा ठेवायचा. अंगठा पडला की नोंद पक्की. मग ब्रह्मदेव आला तरी ती इथून बदलत नाही, तालुक्याला कागद पाठवावा लागतो.

हिरेबावीत हे काम मी नऊ वर्षं करत होते. कस्तुरी अंगडी म्हटलं की गावात दोन गोष्टी सांगतात: हात झपाझप चालतो आणि तोंड त्याहून झपाझप.

जानेवारीतला पहिला सोमवार होता. एक विणकर रेशनकार्डात मुलीचं नाव घालायला आला होता. मी टाइप करत होते आणि तो आपला समोर बघत होता.

"अक्का, शिवप्पा नव्हे, शिवलिंगप्पा," तो म्हणाला. "माझ्या बापाचं अर्धं नाव खाल्लंत की. सकाळी रोटी मिळाली नाही वाटतं?"

"मिळाली. तुझ्या बापाचं नाव लांब, त्याला मी काय करू?" असं म्हणून मी नाव दुरुस्त केलं. त्यानं अंगठा ठेवला. तेवढ्यात कुठंतरी टक् असं वाजलं, पत्र्याची डबी मिटावी तसं. स्टेपलर असेल म्हणून मी सोडून दिलं.

तो गेला. पुढच्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

त्याला चूक दिसली कुठून? समोरची स्क्रीन चौदा महिने बंद होती. तिची केबल मीच काढली होती. गुंडाळून, रबरबँड लावून, माझ्या खणात ठेवली होती. खण उघडून बघितला. केबल तिथंच होती.

२

मी अशी लगेच घाबरणारी नाही. म्हटलं, लॅपटॉपच्या उजेडात माझ्या चष्म्याच्या काचेत वाचलं असेल त्यानं. उलटं वाचता येतं काही लोकांना.

पुढचे होते निवृत्त हायस्कूल मास्तर, हळ्ळूर सर. मी मुद्दाम त्यांचं जन्मसाल दहा वर्षांनी मागं टाकलं आणि चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवला.

"काय गं, मला आत्ताच स्मशानात पाठवतेस?" ते लगेच म्हणाले. "दहा वर्षांनी म्हातारा केलंस."

मी उठले आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या खांद्यामागं जाऊन उभी राहिले. स्क्रीन काळी ठिक्कर. खालच्या कोपऱ्यात नारिंगी दिवा लुकलुकत होता, कारण वीज मिळत होती आणि चित्र मिळत नव्हतं. बंद केबलचा तो दिवा मी चौदा महिने बघत होते.

"आता दिसतंय, सर?"

"दिसतंय की. तुझी सावली पडलीय म्हणून जरा अंधूक." ते पुढं वाकले. "पण कस्तुरी, खाली नोंद करणाराचं नाव चुकलंय बघ. नीलव्वा लिहिलंय. नीलव्वा कोण?"

मी हसून म्हटलं, "जुनं राहिलं असेल, सर."

ते गेल्यावर मी लॅपटॉपमध्ये स्क्रीनची यादी उघडली. तिथं दोन चौकोन काढलेले असतात, जितक्या स्क्रीन जोडल्या तितके. एक माझा असायला हवा होता. दोन दिसत होते. दुसरा उजवीकडं, माझ्याला चिकटून.

मी "फक्त पहिली" निवडलं. दुसरा चौकोन गेला. माउसला हात लावला तर आला. माउसचा बाण उजवीकडं सरकवला तर तो कडेला थांबेना, कडेतून पलीकडं गेला. मी माउस डावीकडं ओढत राहिले. बाण बऱ्याच वेळानं परत आला. कुणीतरी धरून ठेवला आणि मग सोडला, असं मला वाटलं.

३

दुपारी केंद्राचे मालक गुरुपादप्पा पानाचा डबा घेऊन आले.

"कस्तुरी, गुरुवारी तपासणी आहे. तालुक्याहून माणूस येतोय. प्रत्येक टेबलाला अर्जदाराची स्क्रीन चालू पाहिजे. नाहीतर त्या टेबलाचा परवाना बंद."

"बिघडलीय ती."

"वर्षभर हेच ऐकतोय. तुझी स्क्रीन म्हणजे माझ्या मेव्हण्याचं लग्न झालं, आज होतं, उद्या होतं." ते खुर्चीत टेकले. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नको. टेबल बंद झालं तर मी तुला ठेवू कुठं?"

घरी मी आणि आई. आईचे गुडघे गेलेले, घरात दुसरं मिळवणारं कुणी नाही. या खुर्चीवर आमची चूल. आणि खरं सांगायचं तर चुलीपेक्षाही जास्त असं की या खुर्चीत बसल्यावरच लोक माझ्याशी नीट बोलत. उभी राहिले की त्यांची नजर माझ्या पायांकडं जायची.

म्हणून केबल काढली खणातून, जोडली. "सिग्नल नाही" एवढी अक्षरं स्क्रीनवर आली आणि ती पुन्हा काळी झाली. इलकलच्या दावलला फोन लावला. त्याचं संगणकाचं दुकान आहे आणि दुकानापेक्षा जीभ मोठी.

"अक्का, बंद करून चालू केलंत?"

"केलं."

"केबल उलटसुलट करून बघितली? स्क्रीनच्या बटणानं योग्य तोंड निवडलं? तिला दोन-तीन तोंडं असतात, भलतंच उघडं ठेवून बसली तर ऐकणार कशी?"

"सगळं केलं, दावल."

"मग बुधवारी येतो. तोवर तिला शिव्या देऊ नका. यंत्रं डूख धरतात."

४

आता नीलव्वाचं सांगायला हवं. लपवून काय करू? ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

नीलव्वा आमच्या गल्लीतली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सोळा वर्षांपूर्वी गदगचं एक स्थळ मला बघायला आलं होतं. मुलगा शिक्षक. सगळं ठरल्यात जमा होतं, आईनं होळगीचं पुरण शिजायला घातलं होतं. बायका हात धुवायला मागच्या दारी गेल्या तेव्हा नीलव्वा त्यांना म्हणाली, "पोरीचे पाय बघितले का? मोजे काढायला सांगा." माझ्या दोन्ही पावलांवर कोड आहे. पाहुणे चहाही न घेता उठले. त्यानंतर आमच्या दारात कुणी आलं नाही.

ती खोटं बोलली नाही, हे मला मान्य आहे. खोटं बोलणाऱ्याला माफ करता येतं. हिला मी सोळा वर्षं मनात शिजवत ठेवलं होतं.

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली. विधवा पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीची नोंद करावी लागते, त्यासाठी. पत्र्याची डबी टक् करून उघडली, दोऱ्यानं बांधलेला चष्मा काढला, नाकावर ठेवला. श्रावणात मठात पुराण वाचायची ती. गावातल्या म्हाताऱ्यांत वाचता येणारी एकटीच.

म्हणूनच तर मी केबल काढली. वाचता येत नसतं तर काढायची गरज काय होती? पायानं टेबलाखाली ओढली आणि म्हटलं, "अव्वा, स्क्रीन बिघडली."

"मग मी वाचू कशी?"

"मी वाचते ना. विश्वास नाही का माझ्यावर?"

यादीत तीन पर्याय असतात: हयात, मृत, गाव सोडलं. मी मधला निवडला. तिनं चष्मा पुसला, डबीत ठेवला आणि अंगठा टेकवला. आपलं मरण तिनं आपल्याच अंगठ्यानं मंजूर केलं. तेव्हा मला काय वाटलं? गार वाटलं. सोळा वर्षांनी अंगावर गार पाणी पडल्यासारखं.

पेन्शन थांबली, मग रेशन थांबलं. ती यायची. दर सोमवारी त्याच खुर्चीत बसायची. मी म्हणायचे, "सिस्टीम ऐकत नाही, अव्वा. पुढच्या सोमवारी या." दुरुस्तीचा कागद माझ्या खणात होता, केबलच्या खाली. मी तो पाठवला नाही. शेवटी शेवटी तिचा पदर खांद्यावर ठरत नसे, इतकी ती वाळली होती.

शेवटच्या सोमवारी ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "कस्तुरी, एकदा माझ्या खुर्चीत येऊन बस गं. इथून काय दिसतं ते बघ."

अकरा महिने काढले तिनं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. ग्रामपंचायतीचा कारकून मरणाची नोंद करायला माझ्याकडेच आला आणि नोंद होईना. एकदा मेलेलं माणूस सिस्टीम दुसऱ्यांदा मरू देत नाही. कारकून हसला, कागद खिशात घालून गेला. म्हणजे नीलव्वा खरी गेली, त्याची नोंद अजून कुठंच नाही.

मला पश्चात्ताप झाला का? नाही. झोप मात्र कमी झाली होती.

५

बुधवारी दुपारी दावल आला. पाठीवर पिशवी, हातात कागदात बांधलेलं चुरमुऱ्यांचं गिरमिट. आधी ते खाल्लं, मग टेबलाखाली शिरला.

नवी केबल लावली, उपयोग नाही. लॅपटॉपचं दुसरं तोंड वापरलं, तेही नाही. त्यानं आपला लॅपटॉप आमच्या स्क्रीनला लावला, लगेच चालू. आमचा लॅपटॉप त्याच्या पिशवीतल्या छोट्या स्क्रीनला लावला, तोही लगेच चालू. दोघांना एकमेकांशी जोडलं की काळोख.

"अक्का, दोघीही धडधाकट आहेत. पटत नाही एवढंच. सासू-सुना आहेत या."

"सून कोण?"

"जी आधी बोलेल ती." त्यानं केबल पूर्ण काढून हातात धरली आणि यादी उघडली. दोन चौकोन. त्याचं हसू जरा कमी झालं. "हे काय? मी तर काढली."

"तेच तर म्हणतेय मी."

"जुनी आठवण राहते कधीकधी. पुसू आपण." त्यानं स्क्रीनचा सगळा इतिहास पुसला, लॅपटॉप बंद केला, चालू केला. दोन चौकोन. मग त्यानं ओळख पटवायचं बटण दाबलं. ते दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर तिचा आकडा मोठा उमटतो. लॅपटॉपवर एक आला.

"दोन कुठं गेला?" दावल स्वतःशीच म्हणाला.

भिंतीजवळच्या बाकावर एक मेंढपाळीण नंबर लावून बसली होती. कंटाळून ती उठून अर्जदाराच्या खुर्चीत येऊन टेकली होती. ती म्हणाली, "हा काय इथं. दोन. एवढा मोठा."

दावल केबल हातात धरूनच तिच्या मागं गेला. मी बसल्या जागी त्याचं तोंड बघत होते. त्याला काळी काच दिसत होती, हे तोंडावरून कळत होतं.

"अव्वा, दोन आकडा कळतो तुला?" त्यानं विचारलं.

"मेंढ्या मोजते मी, बाबा. दोन कळणार नाही?" ती उठली आणि घोंगडी सावरत परत बाकावर गेली. "पण तिथं गार लागतंय. मी इथंच बसते."

दावलनं कपाळ पुसलं. मला म्हणाला, "डोळे गेलेत म्हातारीचे." आवाजात चेष्टा नव्हती.

६

स्क्रीन दुरुस्त केली की चाचणीची नोंद करावी लागते. टेबलाच्या माणसानं स्वतः अर्जदार होऊन समोर बसायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं, अंगठा द्यायचा. पाच वाजायच्या आत ती गेली नाही तर दुसऱ्या दिवशी टेबल उघडत नाही. चार चाळीस झाले होते.

"केबल तोंडात सैल बसतेय," दावल म्हणाला. "मी खाली दाबून धरतो, चित्र येईल. नोंद आधीच भरून ठेवतो. तुम्ही बसा तिकडं."

नऊ वर्षांत मी त्या खुर्चीत एकदाही बसले नव्हते. बैठक खोलगट होती. तिथून माझी खुर्ची उंच दिसत होती आणि लॅपटॉपची पाठ. मधे ती काळी काच. काचेत मी.

दावलनं माझं नाव भरलं. मोठ्यानं वाचून दाखवलं, "कस्तुरी बसप्पा अंगडी, हयात, हिरेबावी." मग तो टेबलाखाली गेला. त्याची पाठ मला खुर्चीच्या पायांमधून दिसत होती.

"दोन्ही हातांनी धरलीय, अक्का. आलं का चित्र?"

"नाही."

टेबलाच्या पलीकडं टक् झालं. पत्र्याची डबी उघडली.

माझ्या मनानं सांगितलं, दावलच्या खिशात असेल काही. मग लॅपटॉपची एक कळ वाजली. बऱ्याच वेळानं दुसरी. एका बोटानं अक्षर हुडकत टाइप करावं तसं. मनानं सांगितलं, दावलचं कोपर लागत असेल. कोपर टेबलाखाली होतं, ते मला दिसत होतं. तरी मनानं सांगितलं.

अंगठ्याचं यंत्र लाल झालं. ते वीस सेकंद थांबतं.

"दावल, काळीच आहे स्क्रीन."

"असू दे हो, स्क्रीनचं मग बघू. अंगठा ठेवा, वेळ जाईल. भरलंय मी नीट. विश्वास नाही का माझ्यावर?"

मी तिथून उठायला हवं होतं. पण उद्या टेबल बंद झालं असतं आणि आई घरात चुलीपुढं बसली होती. वेळ संपत आली की यंत्र टिकटिकतं. त्या टिकटिकीला नऊ वर्षं मी लोकांना घाई केली होती. त्याच सवयीनं माझा हात पुढं गेला.

हिरवा दिवा लागला. आणि स्क्रीन उजळली.

इतकी स्वच्छ, की डोळे दिपले. माझं नाव. माझा आत्ताचा फोटो, त्या खुर्चीत वाकून बसलेली. खाली हयात खोडून दुसरा शब्द. त्याखाली तारखेसाठी आठ रिकामी घरं. नोंद करणार, नीलव्वा. सगळ्यात खाली, अर्जदारानं वाचलं आणि मान्य केलं.

मी मान वर केली. स्क्रीनच्या कडेवरून माझी खुर्ची दिसत होती. तिच्या पाठीवर इलकलचा जुना लाल पदर सरकत खाली गेला. एवढंच. एक हात तो पदर खांद्यावर ठेवायला बघत होता आणि तो ठरत नव्हता.

दावल केस झटकत वर आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. "आलं ना चित्र? बघा, मी म्हटलं होतं." मग त्यानं लॅपटॉपकडं बघितलं. "अक्का, हे मी नाही भरलं. आईशप्पथ. माझे दोन्ही हात खाली होते."

"माहीत आहे," मी म्हटलं.

७

गुरुवारी तपासणी झाली. स्क्रीन झकास चालली, शेरा चांगला मिळाला. फक्त टेबल माझ्या अंगठ्यानं उघडेना. गुरुपादप्पांची पुतणी रोहिणी तिथं बसली. ती चांगली मुलगी आहे, अर्जदाराची स्क्रीन कधी बंद ठेवत नाही. दुरुस्तीचा कागद तिनं तालुक्याला तीनदा पाठवला. तीनदा परत आला. शेरा असा, की अर्जदारानं स्वतः वाचून मान्य केलं आहे.

आता दर सोमवारी मी बाकावर नंबर लावते. आईच्या रेशनला माझा अंगठा लागतो, बँकेत लागतो. मोजे घालणं मी सोडलं. पायांकडं कुणी बघत नाही आता, माझ्याकडंच बघत नाहीत.

पहिल्या सोमवारी खुर्चीत बसले तेव्हा कळ वाजली आणि तारखेच्या पहिल्या घरात आकडा आला. दोन. रोहिणीचे हात तेव्हा मांडीवर होते. पुढच्या सोमवारी एक. मग शून्य, मग तीन. म्हणजे एकवीस मार्च. नीलव्वा हळू टाइप करते. दर सोमवारी एकच कळ, अक्षर हुडकून. तिला कसली घाई?

मधे एका सोमवारी मी गेलेच नाही. घरात बसले, भाकरी थापत होते. भाकरीच्या डब्यामागं टक् झालं. आई म्हणाली, "कुणी आलं का गं?" मी परातीतलं पीठ तसंच ठेवून केंद्राकडं धावले.

मला तिची दया येत नाही. सांगून ठेवते, अजूनही येत नाही. माझं लग्न मोडलं तिनं. पण एवढं कळलं, की त्या खुर्चीतून सगळं फार स्पष्ट दिसतं.

साल भरायला घेतलं तेव्हा दोन आला, शून्य आला. आज फेब्रुवारीचा शेवटचा सोमवार. सातव्या घरात पुन्हा दोन आला. आता एकच घर राहिलंय. त्यात कुठला आकडा पडतो त्यावर आहे, एकवीस मार्च यंदाचाच की पुढच्या एखाद्या सालचा.

"अक्का, एवढं काय बघताय?" रोहिणी म्हणाली. "सकाळपासून ती स्क्रीन बंद आहे. केबल ढिली झाली म्हणून काढून ठेवलीय मी. दावलअण्णाला बोलावलंय."

पलीकडं, तिच्या कोपराजवळ, डबी मिटल्याचा आवाज झाला. तिनं तो ऐकला नसावा.

"तुमचं काम आजही होत नाही हो," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "सिस्टीम ऐकत नाही. पुढच्या सोमवारी या."